वाचून दाखविले

मुनशीजी पेनचं टोपण लवकर काढत नसत. अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूस घाईत असे. कचेरी बंद व्हायच्या आत कागद आत जायला हवा, गावाकडची शेवटची मोटार चुकायला नको. आणि हे गृहस्थ बंद पेन बोटांत धरून शांत बसलेले. "पह्यले बोल, मंग लिहू," एवढंच म्हणायचे. माणूस बोलायला लागे, अडखळे, चिडे, मधेच सासऱ्याची गोष्ट काढून बसे. मुनशीजी ऐकत राहत. सगळं सांगून झालं की म्हणत, "आता पुन्हा सांग." दुसऱ्यांदा सांगताना माणसाचं बोलणं निम्म्यावर येई. मग टोपण निघे.

त्यांचं नाव रघुनाथ महाजन. पण ते नाव मी फक्त त्यांच्या परवान्यावर वाचलं. बऱ्हाणपुरात सगळे त्यांना मुनशीजीच म्हणत. ते अर्जनवीस होते, म्हणजे लोकांचे सरकारी अर्ज लिहून देणारे. कचेरीच्या ओसरीत तिसऱ्या खांबाशी त्यांची सतरंजी असे, तिच्यावर उतरतं लाकडी डेस्क, शाईच्या गादीची पत्र्याची डबी आणि एक ओलं फडकं. बऱ्हाणपूरच्या मे महिन्यातही त्यांचा बंद गळ्याचा कोट गळ्यापर्यंत बंद असायचा. आम्ही आत पंख्याखाली घामेजून जायचो आणि हा माणूस बाहेर गरम वाऱ्यात, जणू दिवाळीची थंडी असावी असा.

मी आत बसणारा. नकलनवीस होतो, हुकुमांच्या, जबाबांच्या, जुन्या नोंदींच्या नकला हाताने उतरवून देणारा कारकून. कोणत्या खात्याची ती कचेरी, ते मी सांगणार नाही. आज तिथे बसणाऱ्यांचा यात काही दोष नाही, आणि तेव्हा बसणाऱ्यांपैकी ज्याचा आहे तो पुढे दिसेलच.

ते दिवस मोठ्या उलथापालथीचे होते. संस्थानं विलीन झाली, मग आमचं राज्यही नवं झालं, नागपूरकडे जाणारे कागद भोपाळकडे जाऊ लागले. जुन्या दरबारांत मुरलेले अधिकारी आमच्याकडे बदलून येऊ लागले. रोज नवा नमुना, नवं परिपत्रक. ज्या कामाला पूर्वी कुणाला विचारावं लागत नसे, त्याला आता परवाना लागू लागला. आम्हां कारकुनांना यात गैर काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीच होती. देश आपला, सरकार आपलं, आणि त्या सरकारचा शिक्का आपल्या टेबलावर.

मुनशीजींची रीत मात्र बदलली नाही. अर्ज लिहून झाला की ते तो मोठ्याने वाचत, एकदा नव्हे, दोनदा. मग अर्जदाराला म्हणत, "आता तुझ्या शब्दांत मले सांग, यात काय लिवलंय." शेतातून आलेल्या माणसाची यात भलतीच पंचाईत व्हायची. पण त्याला ते नीट सांगता आल्याशिवाय शाईची डबी उघडत नसे. "पह्यले कान, अंगठा शेवटी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंगठा उठला की ते स्वतः फडक्याने त्या माणसाच्या अंगठ्याची शाई पुसून देत, अगदी लहान मुलाचं नाक पुसावं तशी. आणि कागदाच्या तळाशी डाव्या बाजूला एक ओळ लिहून आपली सही करत: अर्जदारास वाचून दाखविले. त्यास समजले.

नव्या राज्यात अर्ज हिंदीत लिहायचे ठरले. मुनशीजींना हिंदी उत्तम येत होती, ते हिंदीत लिहू लागले. पण ही शेवटची ओळ मराठीतच. एका हेडक्लार्कने हरकत घेतली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले की ही ओळ साहेबासाठी नाही, अर्जदारासाठी आहे. हेडक्लार्कला यावर नियम सापडला नाही, आणि ओळ राहिली.

एकदा असीरगढचा एक जण तावातावाने आला होता. भावाने शेताची वाट अडवली, त्याच्यावर अर्ज ठोकायचा होता. मुनशीजींनी ऐकलं, पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगता सांगता तो गडी मंदावला, आणि भावाच्या पोरीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय असं काहीसं पुटपुटत उठून गेला. त्याने पैसे पुढे केले तर यांनी घेतले नाहीत, लिहिलंच नव्हतं म्हणून. मी आतून पाहत होतो. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, असं केलंत तर तुमचा धंदा बसेल. ते बडीशेप चघळत हसले.

घरीही हीच तऱ्हा. दूधवाल्याच्या हिशेबाची चिठ्ठीसुद्धा वाचल्याशिवाय ते घडी करत नसत. त्यांच्या पत्नी जमनाबाई सांगायच्या, मुलीच्या साखरपुड्यात गुरुजींनी लग्नपत्रिका वाचली, तर यांनी ती पुन्हा वाचायला लावली, आणि मग नवऱ्या मुलाच्या बापाला म्हणाले, आता तुमच्या शब्दांत सांगा. व्याही चांगला होता म्हणून निभावलं, नाहीतर पोरगी घरातच राहिली असती, असं जमनाबाई म्हणत आणि पदराने तोंड झाकून हसत.

अर्जात 'मेहेरबान', 'गरिबावर दया व्हावी' असले शब्द ते जिथे दया मागायची तिथेच घालत. जे माणसाच्या हक्काचं आहे तिथे सरळ लिहीत की अर्जदार विचारतो. एका साहेबाला हे 'विचारतो' फार टोचलं होतं. मलाही थोडं टोचायचं. मी एकदा त्यांना बोललोच, "मुनशीजी, आता इतकं ताणायचं काय कारण? गोऱ्याचं राज्य गेलं. सरकार आपलं आहे."

ते म्हणाले, "आपलं हाय म्हणून तर जास्ती वाचून घ्याचं, वसंता. परक्याजवळ माणूस आपोआप सावध ऱ्हातो. आपल्या माणसाजवळ तो डोळे मिटून अंगठा देतो." मला ते म्हाताऱ्या माणसाचं कुरकुरणं वाटलं. मी विषय बदलला.

त्यानंतर जे साहेब आले ते वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. लाच खात नव्हते, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, उन्हात स्वतः जीप घेऊन गावोगाव हिंडणारे. त्यांना निंबोल्याच्या पलीकडच्या एका गावात सरकारी बियाण्यांचं शेत उभारायचं होतं. चांगली कपाशी, चांगली केळी, सगळ्या तापीकाठाचं भलं. त्यासाठी सलग जमीन हवी, जमिनीसाठी शेतकऱ्यांची संमती हवी, आणि संमतीसाठी वरून आलेली मुदत अगदी थोडी होती. साहेबांनी वेळ वाचवला. कोऱ्या संमतीपत्रांच्या खाली लोकांचे अंगठे आधी घ्यायचे, आणि कुणाची कोणती जमीन, किती, कशाच्या बदल्यात, हा मजकूर कचेरीत सवडीने भरायचा, असं ठरलं. एका दिवसात गाव उरकलं. साहेब खुशीत होते. त्यांना खरोखर वाटत होतं की लोकांच्या भल्यासाठी लोकांना विचारत बसणं म्हणजे लोकांचंच नुकसान.

चारच दिवसांनी त्या गावची गिरजाबाई ओसरीत आली. विधवा बाई, पदराला केळीच्या चिकाचे काळे डाग. ती बियाणं कधी मिळणार हे विचारायला आली होती. अंगठा तिने बियाण्यासाठी दिला होता, अशी तिची समजूत. मुनशीजींनी विचारलं, कागदावर काय लिहिलं होतं? ती म्हणाली, काहीच नव्हतं, कोराच तर होता. मी खिडकीतून पाहिलं, मुनशीजींनी हातातलं पेन डेस्कवर ठेवलं. मी त्यांना काम चालू असताना पेन खाली ठेवताना तेवढंच एकदा पाहिलं.

पुढचे चार आठवडे ते कचेरीच्या सुट्ट्या आणि रविवार धरून त्या गावात जात राहिले. एकेकाला बसवून ऐकलं, पुन्हा सांगायला लावलं. मग प्रत्येकाचा वेगळा अर्ज. सगळ्यांचा मिळून एकच लिहा, सोपं पडेल, असं सरपंच म्हणाला, तर म्हणाले की अंगठा प्रत्येकाचा वेगळा आहे. अर्जात राज्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. बियाण्यांच्या शेतालाही विरोध नव्हता. एवढंच होतं की अर्जदाराचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला आहे, तो अर्जदार परत मागतो. कागद भरून वाचून दाखवला तर अर्जदार विचार करून सांगेल. कचेरीत हसू पिकलं. अंगठा परत मागतात म्हणे! मीही हसलो होतो.

पण अर्जांच्या प्रती वर गेल्या होत्या, आणि वरून विचारणा आली तेव्हा हसू थांबलं. साहेबांना ते कोरे कागद ज्याचे त्याला परत करावे लागले. वाटप ओसरीतच झालं. गिरजाबाईने आपला कागद दोन्ही हातांनी घेतला आणि तो खराच तिचा आहे की नाही हे पाहण्यासाठी आपला अंगठा त्या निळ्या ठशाशेजारी धरून कितीतरी वेळ निरखत राहिली. मुनशीजींनी प्रत्येक कागदावर आडव्या रेघा मारून दिल्या. साहेब आपल्या खोलीच्या दारात उभे राहून हे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुखावलेपण होतं. चांगल्या माणसाला कुणी अडवलं की तो फार दुखावतो, आणि दुखावलेला अधिकारी रागावलेल्याहून वाईट.

पुढच्याच महिन्यात नियम निघाला. आवारात बसणाऱ्या अर्जनवीसांनी परवाना नव्याने करून घ्यावा, वर्तणुकीची चौकशी होईल. बाकी तिघांचे परवाने आठवड्यात झाले. मुनशीजींचा अडकला.

आता माझा भाग येतो. एका शुक्रवारी दुपारी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. मला नावाने हाक मारली. त्यांना माझं नाव माहीत आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, नोकरी अजून कच्चीच आहे ना असं विचारलं, आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. खंडव्याला डाक जायची आहे, टायपिस्ट मजकूर नंतर भरेल, तुम्ही खाली सही करून ठेवा, असं हिंदीत म्हणाले. मी विचारलं, कशाबद्दल आहे? ते म्हणाले, काही नाही, अर्जनवीसांच्या परवान्यांबद्दल, नेहमीचंच. बाहेर जीप सुरू होती.

अर्जनवीस हा शब्द मी स्वच्छ ऐकला होता. ऐकला नव्हता असं पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, म्हणून इथे लिहून ठेवतो. ओसरीतल्या तिसऱ्या खांबापासून वीस पावलांवर मी बसत होतो. पह्यले कान, अंगठा शेवटी, हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकत होतो. माझा तर अंगठाही नव्हता, चांगली वळणदार सही होती. ती मी केली.

परवाना नाकारला गेला. मुनशीजींनी रीतीप्रमाणे हुकुमाची आणि चौकशीच्या कागदांची नक्कल मागितली, आणि नक्कल मागितली म्हणजे तो कागद माझ्याच टेबलावर येणार. मी उघडून पाहिलं तर आत माझा जबाब. रघुनाथ महाजन भोळ्या शेतकऱ्यांना सरकारविरुद्ध चिथावतो, हे मी स्वतः ओसरीत पाहिलं व ऐकलं आहे, असं मी सांगितलं होतं. शेवटी टाइप केलेलं होतं की जबाब देणाऱ्यास वाचून दाखविला, कबूल आहे. खाली माझी सही. तो मी कधीच न दिलेला जबाब मला माझ्या हाताने, माझ्या ज्या अक्षराचं कौतुक झालं होतं त्या अक्षरात, एकही अक्षर न बदलता उतरवून काढावा लागला. नक्कल तयार करायला मला एरवी अर्धा तास लागे. त्या दिवशी दुपार गेली.

नक्कल मुनशीजींच्या हाती पडल्यावर दोन दिवसांनी मी सिंधीपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. दार जमनाबाईंनी उघडलं. नेहमीसारखं हसल्या नाहीत, पण चहा आणून ठेवला. मुनशीजी ओट्याशी डेस्क घेऊन बसले होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी बंद पेन हातात घेतलं आणि म्हणाले, "पह्यले बोल."

मी बोललो. कसाबसा, अडखळत, नोकरीचं, घरच्या परिस्थितीचं मधे घालत. माझं संपलं तेव्हा ते म्हणाले, "आता पुन्हा सांग." दुसऱ्यांदा सांगताना नोकरी गळाली, परिस्थिती गळाली. साहेबांनी कोरा कागद पुढे केला आणि मी सही केली, एवढंच राहिलं. मग त्यांनी टोपण काढलं आणि माझ्या नावाचा अर्ज लिहिला. सदरचा जबाब अर्जदाराने दिलेला नाही, सही कोऱ्या कागदावर घेतलेली आहे, जबाब रद्द समजावा. त्यात त्यांच्या परवान्याविषयी एक शब्द नव्हता. मी तसं म्हणालो, तर म्हणाले की हा अर्ज तुझा आहे, माझा मी लिहीन.

त्यांनी तो दोनदा वाचला. मला माझ्या शब्दांत सांगायला लावला. शेवटची ओळ लिहून आपली सही केली. मी पेनसाठी हात पुढे केला, तर कागदाची घडी करून माझ्या खिशात ठेवत म्हणाले, "इथं नको. माझ्या घरात माझ्यासमोर सही केली तर तीबी दाबूनच घेतल्यासारखी होईल. घरी ने. पुन्हा वाच. मंग तुले वाटलं तर कर."

मी घरी नेला. पुन्हा वाचला. अनेकदा वाचला. कच्ची नोकरी, चौकशी, साहेबांचं दुखावलेलं तोंड, सगळं पुन्हा डोळ्यांसमोर यायचं. उद्या करू म्हणून तो ट्रंकेत गेला.

मुनशीजी आता आवाराच्या भिंतीबाहेर रस्त्याकडेला बसू लागले. परवान्याशिवाय डेस्क मांडता येत नव्हतं, म्हणून मांडीवर पाट घेऊन. लिहिण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, म्हणजे नियम लागू होत नाही, असं त्यांनी नियम वाचून शोधून काढलं होतं. घर कसं चाललं ते जमनाबाईंनाच ठाऊक. मी मागच्या फाटकाने ये-जा करू लागलो. महिन्याभराने एकदा मागचं फाटक बंद होतं आणि समोरासमोर गाठ पडलीच. मी काही न विचारता सांगून टाकलं, "मुनशीजी, अजून सही झाली नाही माझ्याकडून."

ते म्हणाले, "नाय केली तर नाय केली. तो तुझा हक्क हाय." मग माझ्याकडे पाहिलं. "एवढं सांग, तुले कोणी अडवलं तर नाय ना?"

साहेबांनी त्या जबाबानंतर माझ्याशी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. कुणी धमकावलं नव्हतं. कुणी पाळत ठेवली नव्हती. तरी मला 'नाही' म्हणता आलं नाही, आणि 'हो' म्हणावं तर नाव कुणाचं घेणार? त्यांनी मान हलवली आणि बसल्या जागी पाट पुन्हा मांडीवर घेतला. मला त्यांच्यापुढे इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्यांच्याविषयी इतकी मायाही.

वर्षाच्या आत मी नोकरीत कायम झालो. त्याच हुकुमात बदलीही होती. स्टेशनला निघालो तेव्हा टांगेवाल्याने नेमका कचेरीपुढचा रस्ता धरला. भिंतीशी मुनशीजी बसले होते, कोट गळ्यापर्यंत बंद. पुढ्यात गिरजाबाई. कसला तरी नवा कागद होता, आणि ती सवयीने शाईच्या डबीकडे हात नेत होती. त्यांनी तिचं मनगट हलकेच धरून बाजूला ठेवलं. "थांब माय, अजून दुसऱ्यांदा वाचलं नाय," हे मला टांग्यातूनही ऐकू आलं. ते वाचू लागले. ट्रंक माझ्या पायांशी होती. टांगेवाल्याला थांब म्हणायला एक शब्द पुरला असता. टांगा पुढे गेला, वळणावर बैलगाड्यांत बराच वेळ अडकला. तिथून मी मागे पाहिलं, तेव्हा ते ओल्या फडक्याने तिचा अंगठा पुसत होते. मी पुन्हा बऱ्हाणपुरात आलो तोवर ते राहिले नव्हते.

तो अर्ज अजून माझ्याजवळ आहे. कागद घड्यांवर फाटायला आला आहे, शाई मात्र टिकली आहे. तळाशी डाव्या बाजूला त्यांची ओळ आणि सही आहे: अर्जदारास वाचून दाखविले. त्यास समजले. उजवीकडे माझ्या सहीची जागा कोरी आहे.